कोकणात गेलेली ओटी

मला कोणी रांगेत उभं करून काही दाखवायला लागलं की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं. बघायचं असेल तर माणूस आपल्या पायांनी जाईल, आपल्या डोळ्यांनी बघेल. शिट्टीवर काय बघायचं? तरी त्या धबधब्यांच्या सहलीला मी गेलो, तेही स्वतःच्या पैशानं. त्याला कारण माझी आत्या.

आत्या अंथुर्ण्याची. नीरेच्या पाटाची चारी तेव्हा त्यांच्या रानाच्या वरच्या अंगालाच संपत असे. शेजाऱ्याचा ऊस डोलायचा आणि बांधाच्या अलीकडं आत्याच्या रानात भेगा पडायच्या. तेव्हा तिच्या मालकांनी नवस बोलला: पाटाचं पाणी आपल्या रानात आलं, तर ते जिथून निघतं तिथं जाऊन नीरामाईची ओटी भरायची. पुढं चारी लांबवली गेली. अर्ज करून, हेलपाटे घालून लांबवली गेली, कोणी मेहेरबानी केली नाही. पाण्याच्या पहिल्या पाळीला मालकांनी स्वतः दारं धरली, खोऱ्यानं पाणी रानात वळवलं, भिजल्या मातीत गुडघाभर उभं राहून हसले म्हणतात. ज्वारी चांगली पोटऱ्यात आली, आणि ती कापायच्या आत ते गेले. नवस मागं राहिला.

"पानी येतंय तवर फेडाय पाहिजे," आत्या म्हणायची. "एकदा का ती रुसली, की मग कुणाची वटी भरू? वाळूची?"

नवस-सायासांवर माझा विश्वास नव्हता. मी तेव्हा पत्रकं लिहीत होतो. इंदापूरच्या बाजारात पेटीवर उभा राहून ओरडत होतो, दारूच्या गुत्त्यापुढं धरणं धरून बसून लाथाही खाल्ल्या होत्या. त्या वर्षी माझं सगळं भांडण पाण्याचं होतं: पाटाच्या तोंडाच्या गावांना भरपूर, शेवटच्या गावांना थुंकी. 'पाणी कोणाचे?' हे माझं पत्रक बारामतीच्या एका छापखान्यात छापायला टाकलं होतं. ते आणायला गेलो तेव्हा तिथं दोरीवर दुसऱ्याच कुणाचे ताजे कागद वाळत होते. 'एका दिवसात सह्याद्रीदर्शन! नीरेच्या उगमाचा डोंगर! प्रचंड धबधबे! सरकारी राखीव जंगल! माहितगार बरोबर!'

मी तसाच अंथुर्ण्याला गेलो आणि आत्याला म्हणालो, "चल. तुझं पाणी जिथून निघतं तिथंच मोटार निघालीय."

तिला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. आमच्याकडं डोंगर म्हणजे मावळतीला, पाणी येतं ते मावळतीकडून, आणि डोंगरातलं सगळं पाणी खाली येऊन आमच्या पाटाला लागतं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. माझ्या पत्रकाचं पहिलंच वाक्य होतं: 'सह्याद्रीवर पडणारा प्रत्येक थेंब आमच्या पाटात उतरतो; मग शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला धूळ का?'

अडचण एकच होती. आत्या विधवा. तिच्या हातानं ओटी भरायची नाही, असा लोकांचा कायदा. सवाष्ण पाहिजे. तिची सून बाळंतीण, दुसरी कोणी मोटारीत बसायला धजेना. मोटारीला म्हणे चक्कर येते आणि खालच्या जातीचा माणूस शेजारी बसतो. पहिलं खरं होतं. दुसरंही खरं होतं, आणि मोटारीत मला आवडणारी गोष्ट तेवढीच.

"तूच भर ना," मी म्हणालो. "नवस तुझ्या घरचा, रान तुझं, घाम तुझा. ओटी भरायला भाड्याची सवाष्ण कशाला?"

"गप रं. तुझी भाषणं इंदापुरात."

अश्विनातली पहाट होती. पाऊस सरला होता. बारामतीच्या मोटारअड्ड्यावर अंधारात मोटार उभी होती. दोन्ही बाजूंनी उघडी, वर ताडपत्री, पुढचा एक दिवा फुटलेला. हँडल मारून मारून ड्रायव्हर घामाघूम झाला होता. पुढच्या बाकावर बारामतीच्या एका वकिलाची बायको, जरीकाठी लुगडं, नाकात ठसठशीत नथ. शेजारी वकील. ते दिवसभर जांभया देत होते, त्यांच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. मागं एक गुळाचे अडते, पोटानं आणि आवाजानं मोठे. त्यांना सगळे शेट म्हणत. बाकीचे बागायतदार, आपापली फराळाची गाठोडी मांडीवर घेऊन बसलेले. आणि पायरीवर उभा माहितगार. जंगलखात्यातून निवृत्त झालेला जमादार होता. खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला, गळ्यात शिट्टी.

आत्यानं मोटारीत चढताच वकीलीणबाईंकडं पाहिलं, आणि मी ओळखलं की सवाष्ण सापडली.

"बाई, एक इचारू? नीरामाईची वटी भरायचीय. खण, नारळ, तांदूळ, समदं आनलंय. तुमचा हात लागंल का?"

वकीलीणबाई खूश झाल्या. असल्या कामाला नाही म्हणत नाहीत. "भरू की! घाटातल्या नीरेला? अगबाई, केवढं भाग्य!"

"भाग्य कसलं? आत्यानं स्वतः भरावी," मी मध्येच बोललो. "विधवेच्या हाताचं पीक सगळं गाव खातं. मग ओटीला तो हात का चालत नाही?"

वकीलीणबाईंनी पदर सावरून दुसरीकडं तोंड फिरवलं. आत्यानं माझ्या मांडीला चिमटा काढला, असा की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

शिट्टी वाजली. मोटार निघाली.

मोरगावला देवदर्शन. माहितगारानं सगळ्यांना उतरवलं, देवळापुढं रांग लावली, आणि लोकांचे हात पुरते जोडून होत नाहीत तोच शिट्टी. मी देवळात गेलो नाही, बाहेर उभा राहिलो. तिथल्या रानात शेळ्या करपलेली हराळी ओरबाडत होत्या. पाट तिकडं फिरकलाच नाही. एक म्हातारा बाजरीच्या कणसांवर पाखरं हाकत होता. तो म्हणाला, "कुठं निगाला एवढी मानसं?" मी म्हणालो, "धबधबे बघायला." तो म्हणाला, "म्हंजी पानी बघाय?" आणि खरंच सांगतो, मला तिथून पुढं जाऊ नये असं वाटलं. पानी बघाय! कुणी प्यायला तडफडतंय आणि आम्ही भाडं भरून बघायला चाललोय. मी त्याच्या हातात एक पत्रक दिलं. त्यानं ते डोक्याच्या मुंडाशात खोचलं.

पुढं नदी ओलांडली, भोर मागं पडलं, झाडी सुरू झाली, आणि माझी बसायची ताकद संपली. मोटार वळणावळणानं चढत होती. मी उठायचो, दांडी धरून उभा राहायचो, ड्रायव्हर आरशातून बघून ओरडायचा, "बसा हो पुढारी!" मी बसायचो, पुन्हा उठायचो. जंगलाच्या हद्दीत शिरताना माहितगारानं नियम सांगितले. फूल तोडायचं नाही, लाकूड उचलायचं नाही, दगड भिरकावायचा नाही, शिट्टी झाली की जिथं असाल तिथून परत.

"आणि धनगर इथं शेळी चारू शकतो का?" मी विचारलं.

"राखीव जंगल आहे. नाही."

"साहेबाला वाघ मारता येतो का?"

"परवाना असला तर येतो."

"मग हे राखून ठेवलंय कुणासाठी?"

शेट मागून म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाय, येवढं तरी कळलं ना? आता बसा. माझ्या पोटात आधीच सगळा घाट फिरतोय."

लोक हसले. मलाही थोडं हसू आलं, पण मी बसलो नाही.

धबधबा आला तो आवाजानं आला. मोटार थांबली, आम्ही कड्याच्या टोकाला गेलो, आणि समोरच्या काळ्या भिंतीवरून पाणी तुटत होतं. एक मोठा लोट, बाजूला बारके बारके कितीतरी. मी खोटं बोलणार नाही, माझं तोंड उघडंच राहिलं. एवढं पाणी मी जन्मात एका जागी पाहिलं नव्हतं. लगेच दुसरा विचार आला: एवढं पाणी! आणि पाणी सोडणाऱ्या आमच्या पाटकऱ्याच्या तोंडी रोज तेच, 'वरून येतच न्हाय तर मी काय करू?' माझं रक्त उसळलं. मी पिशवीतनं पत्रकं काढली आणि तिथंच वाटायला सुरुवात केली.

तोवर इकडं ओटीची तयारी झाली होती. कड्यापासून जरा अलीकडं, त्याच दरीत उडी घेणारा एक ओहोळ होता. वकीलीणबाई पायातल्या वहाणा काढून त्याच्या काठी बसल्या. आत्या मागं उभी राहून एकेक वस्तू त्यांच्या हातात देत होती. हळद, कुंकू, खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड. तो हिरवा खण तिच्या मालकांनी हयातीतच आणून ठेवला होता. पेटीत राहून राहून त्याला घडीच्या रेघा पडल्या होत्या. वकीलीणबाईंनी हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, पाण्यात सोडली. नारळ दोन गटांगळ्या खाऊन कड्याकडं धावला, खण उलगडला, आणि क्षणात दोन्ही खाली गेलं. आत्यानं हात जोडले. तिचे ओठ हलत होते, ती मालकांना काहीतरी सांगत होती.

शिट्टी वाजली. माहितगारानं सगळ्यांना जवळ बोलावलं आणि त्याचं पाठ भाषण सुरू केलं. "हा घाटमाथा. इथं पावसाचे दोन वाटे होतात. समोर पाहताय हे सगळं पाणी खाली कोकणात उतरतं आणि सावित्रीतून समुद्राला मिळतं."

"थांबा," मी म्हणालो. "कुठं उतरतं?"

"कोकणात."

"ही नीरा नव्हे?"

"छे! नीरा पाठीमागच्या अंगाला. येताना मोरी लागली नाही का गावाजवळ, तिच्याखालून जाते. बारकी आहे तिथं. बघण्यासारखं काही नाही, म्हणून थांबवत नाही मी."

"पण कागदावर नीरेचा डोंगर छापलाय!"

"मग डोंगर नीरेचाच आहे. धबधबा नीरेचा आहे असं कुठं छापलंय?"

सगळे बागायतदार एकमेकांकडं बघायला लागले. त्यांच्यापैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. एक जण हळूच म्हणाला, "म्हंजी येवढं समदं वाया?" माहितगार म्हणाला, "वाया कसं? कोकणात माणसं नाहीत का?" आणि शेटनी माझंच पत्रक डोळ्यांपुढं धरून मोठ्यानं वाचलं, "'सह्याद्रीवर पडणारा प्रत्येक थेंब आमच्या पाटात उतरतो...' पुढारी, ह्या थेंबांना कुणी सांगितलं न्हाय वाटतं!"

हशा उसळला. हसा म्हणावं. वाक्य चुकलं होतं, प्रश्न चुकला नव्हता. शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला धूळच होती, ती कोकणामुळं नव्हती. हे मी ओरडून सांगत होतो, पण धबधब्याच्या आवाजात कोण ऐकतो?

आत्या हसली नाही. ती कड्याच्या टोकाशी जाऊन खाली बघत होती.

"म्हंजी माझ्या मालकाचा नवस कोकनात गेला?" ती म्हणाली.

मग ती माझ्याकडं वळली.

"त्यांनी त्या खणासाठी बाजारात तीन दुकानं पालथी घातली व्हती," ती मला म्हणाली. "कोकनातल्या बाईचं मी काय देणं लागते रं? ती काय माझ्या रानात आली व्हती?"

वकीलीणबाईंनी तिची समजूत घातली. पाणी ते पाणी, देवी एकच, भाव महत्त्वाचा. आत्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "परत जाताना मोरीपाशी याल का, बाई? हळदकुकू हाय अजून."

"अहो, एका नवसाची ओटी दोनदा भरत नाहीत. आणि खण कुठाय? नारळ कुठाय?" त्या मोटारीत जाऊन बसल्या.

परतीला निघालो तेव्हा उन्हं कलली होती. ड्रायव्हरला घाई होती, आणि ती खोटी नव्हती. एका दिव्यावर डोंगरातला रस्ता काढायचा म्हणजे सोपं नव्हे. तो म्हणाला, "मोरीपाशी मोटारीला पानी पाजायला थांबतो. पन कुनी खाली उतरायचं न्हाय. पाजलं की निगालो."

आत्या माझ्या शेजारी फडक्यातलं गाठोडं पोटाशी धरून बसली होती. दुपारी सगळे जेवले तेव्हा तिनं ते सोडलं नव्हतं. मोरी आली. खाली खरोखरच बघण्यासारखं काही नव्हतं. माणसानं उडी मारून ओलांडावा एवढा ओढा, दगडातून लपतछपत चाललेला. तीच नीरा. ती आमच्या पाटाला पाणी देणार, यावर उभ्या जगात कुणाचा विश्वास बसला नसता.

ड्रायव्हर बादली घेऊन उतरला. त्याच्यामागं आत्याही उतरली, आणि तो ओरडायच्या आत करवंदीच्या जाळीआड दिसेनाशी झाली.

बादली ओतून झाली. झाकण लावलं. शिट्टी वाजली. आत्या आली नाही. भोंगा वाजला. आली नाही. मी हाक मारली. ओढ्याच्या अंगानं आवाज आला, "आले, आले," पण तो बराच खालून.

"निघा हो!" शेट ओरडले. "अंधार पडंल. म्हातारीला वरच्या गावात आसरा मिळंल, उद्या मागनं येईल."

"उद्या कशानं येईल?" मी म्हणालो. "तुमच्या पोटावर बसून?"

माहितगारानं पुन्हा शिट्टी फुंकली. ड्रायव्हरनं हँडल मारलं, इंजिन धडधडायला लागलं. ते खरंच निघाले असते की नुसते भीती घालत होते, मला माहीत नाही. मी विचार करत बसलो नाही. उडी मारून पुढं गेलो आणि रस्त्याच्या मधोमध, मोटारीच्या नाकासमोर मांडी घातली. गुत्त्यापुढं बसायचो तसा. रस्ता चिखलाचा होता म्हणून उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा खाली घेतला.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! ड्रायव्हर म्हणाला अंगावर घालीन. मी म्हणालो घाल. माहितगार म्हणाला हा सरकारी रस्ता आहे. मी म्हणालो म्हणूनच बसलोय. वकील पहिल्यांदा जागे झाले आणि कुठलंसं कलम पुटपुटले. शेट म्हणाले, "अरं, म्हातारी करतीय काय तितं? नदी धुतीय?" बागायतदारांपैकी दोघे मात्र उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बसले नाहीत, बिडी पेटवली. पण उभे राहिले.

आणि आत्या येईना. खरं सांगतो, मलाच राहवेना. मांडी घालून बसणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे. लाथ खाणं त्यापेक्षा बरं. सावली रस्त्यावरून सरकत होती. मला उठून पळत खाली जावंसं वाटत होतं, पण उठलो तर मोटार निघणार.

शेवटी ती आली. सावकाश, हातात वहाणा, लुगड्याचा काठ ओला. मला रस्त्यात बघून थबकली.

"अरं, चिखलात काय बसलाईस? कापडं कोण धुनार, तुझी आय?"

"काय करत होतीस एवढा वेळ?"

"जेवले तिच्यासंगट," ती म्हणाली. "वटी भरायचा मला हक्क न्हाय, म्हनतात. न्हाय तर न्हाय. जेवू घालायचा तर हाय ना? रांडमुंड बाई सगळ्या गावाला रांधून घालतीय, तवा कोन आडवं येत न्हाय. अर्धी भाकर तिला सोडली, अर्धी काठावर बसून मी खाल्ली. आपल्याच रानातल्या जवारीची. तिच्याच पान्यावर आलेली. पाव्हन्याला जेवताना घाई करतेत का? तिचं झालं, मग उठले."

मोटारीत ती वकीलीणबाईंच्या शेजारून गेली. आत्यानं फडक्यातली दुसरी भाकर आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातावर ठेवली. मी उभ्या उभ्याच खाल्ली. या वेळी ड्रायव्हर मला बसा म्हणाला नाही. रस्त्याकडं बघायला त्याला एकच दिवा होता.

पुढच्या पाळीला मी अंथुर्ण्यात होतो. आमची मोटारीची हकिकत गावात आमच्या आधी पोचली होती. चारीला पाणी यायचं म्हणून माणसं खोरी घेऊन बांधावर बसली होती. पाणी उशिरा आलं, नेहमीसारखं, आणि आलं ते बारीक, नेहमीसारखं. त्या पाळीचं भांडण मी पाटकऱ्याशी त्याच दिवशी सुरू केलं, ते अजून संपलेलं नाही. पण पाणी आलं. आत्यानं पदर खोचला आणि दारं धरायला उतरली.

शेजारचा उसाचा बागायतदार बांधावरून ओरडला, "आत्या, नीट बघा पान्यात! तुमची भाकर आली का न्हाय वाहत?"

सगळा बांध हसला.

आत्यानं खोरं मारून दारं फोडलं, पाणी सरीत वळलं, आणि मान वर न करता ती म्हणाली, "खाल्ली तिनं. तुला कशाला ठिवील?"